पाच कोसांचा सांगावा

माझा आवाज माझ्या एकटीचा नाही, हे मला अठराव्या वर्षी कळलं. तोवर मी त्याच्यावर शाळा-कॉलेजात बक्षिसं मिळवत होते आणि सगळी कमाई स्वतःचीच समजत होते.

आमचं गाव कोपरगाव तालुक्यातलं, गोदावरीच्या अगदी काठावरचं. नव्वदीच्या दशकात सरपंचपद बायकांना राखीव झालं आणि गावात पहिल्यांदा बाई सरपंच झाली. कारभार नवराच बघणार, असं सगळे म्हणायचे, आणि तो बघतही होता. पण एक काम बाईंनी कुणाला न विचारता केलं. ग्रामपंचायतीच्या छपरावर दोन कर्णे बसवले, एक गावाकडे तोंड करून आणि एक नदीकडे. गाव त्याला भोंगा म्हणायचं. त्याआधी नळाला पाणी कधी, रेशनला रॉकेल आलं का, कालव्याला पाणी कधी सुटणार, हे सांगायला पंचायतीचा शिपाई घरोघर हिंडायचा. घरोघर म्हणजे त्याच्या सोयीच्या घरोघर. आमची बौद्धवस्ती नदीच्या अंगाला होती आणि तिथवर यायचं म्हटलं की नेमके त्याचे पाय दुखायचे. भोंग्याचं तसं नव्हतं. त्याला वस्ती कळत नव्हती.

भोंगा आला, पण बोलणार कोण? शिपाई माइक समोर दिसला की चळाचळा कापायचा. सरपंचबाई मग आमच्या दारात आल्या. वडील कारखान्यात फिटर होते, नुकतेच पाळीवरून आले होते. आम्ही त्यांना दादा म्हणायचो.

"तुमच्या पोरीचा आवाज खणखणीत हाय," बाई म्हणाल्या. "पंधरा ऑगस्टला भाशान ऐकलं तिचं. भोंग्यावर तीच बोलंल. पोरगी शिकल्याली हाय, गावाचं काम हुईल."

दादा हात पुसत होते. ते पुसतच राहिले. "न्हाई," एवढंच म्हणाले.

बाई गेल्यावर मी भांडले. मला भांडायला कारण लागत नसे, आणि इथे तर चांगलं सणसणीत कारण होतं. दादा शांतपणे म्हणाले, "आपल्या घरातनं दवंडी गेली ती गेली. ती परत आत येनार न्हाई."

आजोबा गावचे येसकर होते, हे मला माहीत होतं. हलगी वाजवून दवंडी द्यायची, आणि गावात कुणी गेलं की त्याच्या नातेवाइकांच्या गावी चालत जाऊन सांगावा पोचवायचा, ही त्यांची कामं. त्याबद्दल सुगीला धान्य आणि वर्षभर शिळी भाकरी. छप्पन्न साली आजोबांनी दीक्षा घेतली, गावी आले आणि हलगी गोदावरीत सोडून दिली. आमच्या घरात ही गोष्ट अभिमानाने सांगितली जायची. पण मी जन्मायच्या आधीच आजोबा गेलेले, त्यामुळे माझ्यासाठी ती पुस्तकातल्या धड्यासारखी होती.

"माइक म्हणजे हलगी नाही," मी म्हणाले. "आणि मी भाकरी मागायला चालले नाही."

आईने मला डोळ्यांनी दटावलं. मी दुसऱ्या दिवशी सकाळी पंचायतीत जाऊन बसले. दादा आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. हट्टाच्या बाबतीत आम्ही बापलेक एकाच माळेचे मणी होतो.

माझी पहिली घोषणा फजितीची झाली. मी वहीत लिहून नेलं होतं: 'सर्व ग्रामस्थांना कळविण्यात येते की, तांत्रिक कारणास्तव उद्याचा पाणीपुरवठा सकाळऐवजी सायंकाळी करण्यात येईल.' छान, दमात वाचलं. दुसऱ्या दिवशी सकाळी निम्म्या गावच्या बायका रिकाम्या हंड्यांनिशी नळावर, आणि मी कॉलेजच्या एस.टी.ला निघालेली. त्यांनी मला वाटेतच धरलं.

"काय गं, तू काल काय बातम्या वाचीत हुतीस व्हय?"

"पाणी संध्याकाळी येणार, असंच सांगितलं की मी."

"मग तसं सांगावं की! ते कळविन्यात कशाला येतंय?"

त्या हसल्या आणि मी चिडले. पण घरी येऊन विचार केला तेव्हा लाज वाटली. शाळेने दहा-बारा वर्षं घासून घासून माझ्या तोंडातून जी भाषा काढून टाकली होती, तीच आता माझ्याकडे मागितली जात होती. पुढच्या दिवसापासून मी वही बंद केली. "ऐका गं बायांनो, पानी उद्या सांजच्याला हाय, सकाळी हंडं घिऊन उभ्या राहू नका." गाव ऐकायला लागलं.

एक गोष्ट मात्र मला पहिल्या दिवसापासून खुपत होती. नदीकडच्या कर्ण्याचा आवाज पलीकडच्या उंच दरडीवर आपटायचा आणि थोड्या वेळाने परत यायचा. मी वाक्य संपवून थांबले की तिकडून तेच वाक्य यायचं, जाड होऊन, बसक्या गळ्याने. बाईचा आवाज जायचा आणि पुरुषाचा परत यायचा. मी स्वतःला समजावलं की अंतरामुळे आवाज फाटत असेल. तरी वाक्य संपलं की मी नकळत थांबायचे आणि त्याची वाट बघायचे.

काही महिन्यांनी मला पहिली मयत सांगावी लागली. गावातले एक म्हातारे गृहस्थ पहाटे गेले होते. मी नाव सांगितलं, घर सांगितलं, आणि शेवटी आपोआप म्हणाले, "माती दुपारी बाराला हाय हो, जवळच्यांनी जवळ यावं." ते शेवटचं वाक्य कुठून आलं ते मला माहीत नाही. कुणी शिकवलं नव्हतं, वहीत नव्हतं.

बाहेर आले तर पारावरची म्हातारी माणसं उभी राहिली होती. दोघांनी टोप्या काढलेल्या. त्यातल्या एकाला दोन्ही डोळ्यांनी दिसत नसे. तो हवेत हात फिरवीत म्हणाला, "आला का रं येसकर? किती वर्सानं आलास."

शेजारच्याने त्याला गप्प केलं आणि मला म्हणाला, "तुझ्या आज्याचा आवाज हाय पोरी. अक्षी तोच. 'जवळच्यांनी जवळ यावं' हे त्याचंच म्हननं." मग, जणू हिशेब पुरा करायचा राहिला होता अशा आवाजात म्हणाला, "पर एक सांगावा मातर त्यानं न्हेला न्हाई. आत्याला तिच्या आईचं तोंड दिसलं न्हाई, ते त्याच्यापायी."

आत्या म्हणजे गावाच्या एका मोठ्या शेतकरी घराची लेक. नवरा गेल्यावर माहेरी परत आली होती आणि भाच्यांच्या मळ्यात एका खोलीत राहायची. माहेरवाशीण म्हणून सगळं गावच तिला आत्या म्हणायचं. सत्तरीच्या पुढची, ताठ, कमी बोलणारी. ती दिसली की दादा वाट बदलायचे, हे मी लहानपणापासून बघत आले होते. आदराने बाजूला होतात, असं मला वाटायचं.

मी त्या दिवशी कॉलेजला गेले नाही. दादा कारखान्यातून आल्या आल्या विचारलं. त्यांनी सायकल भिंतीला लावली आणि तिथेच उभ्याने सांगितलं. बहुतेक बसले असते तर सांगता आलं नसतं.

दीक्षेनंतर दोनच महिन्यांनी आत्याची आई वारली. आत्याचं सासर नदीपलीकडे, वैजापूरच्या बाजूला, पाच कोसांवर. आत्याच्या माहेरच्या वाड्यावरून आजोबांना निरोप आला: सांगावा घेऊन जा. आजोबा म्हणाले, ते काम आम्ही सोडलं. पुन्हा निरोप आला, मग दम आला. आजोबा घराच्या दारात बसून राहिले. तिकडे प्रेत दुपारपर्यंत अंगणात होतं. दिवस मावळायला आला तसं गावाने लेकीवाचून अग्नी दिला. आत्याला तिसऱ्या दिवशी बाजाराला आलेल्या कुणाकडून तरी कळलं. ती पोचली तेव्हा राख सावडूनही झाली होती.

"मग वर्षभर आपल्याला गिरनी बंद, किरानाचं दुकान बंद," दादा म्हणाले. "त्येचं मला काई वाटलं न्हाई. भूक कळते, भूक सोसता येते. पर मी दहा वर्साचा हुतो. बा दारात बसला हुता आन पलीकडं वाड्यात रडनं ऐकू येत हुतं. ते अजून ऐकू येतंय." मग म्हणाले, "बा चुकला न्हाई. मला ठावं हाय त्यो चुकला न्हाई. तरीबी आत्याच्या डोळ्याला डोळा देता येत न्हाई मला."

मी भोंग्याचं काम सोडलं. सरपंचबाईंना अभ्यासाचं निमित्त सांगितलं. खरं म्हणजे मी भ्यायले होते. दरडीवरून परत येणाऱ्या त्या आवाजाला आता चेहरा मिळाला होता. मी एकटी असताना आरशासमोर उभी राहून एखादं वाक्य बोलून बघायचे, आणि मध्येच थांबायचे.

त्याच सुमारास नगरच्या एका कॉलेजातले प्राध्यापक टेपरेकॉर्डर घेऊन आमच्याकडे आले. त्यांना म्हणे जुन्या दवंड्या जमवायच्या होत्या. "हा आपला सांस्कृतिक वारसा आहे," ते म्हणाले. भला माणूस होता, मनात काही वाकडं नव्हतं. दादांनी त्यांना चहा दिला आणि म्हणाले, "सायेब, वारसा तुमचा आसंल. आमच्याकडं ती राबनूक हुती." प्राध्यापकांनी मान डोलावली आणि यंत्र सुरू न करताच पिशवीत ठेवलं. नेमकं तेवढंच वाक्य टेपवर यायला हवं होतं, असं मला आजही वाटतं.

महिना गेला असेल. एका दुपारी आत्या काठी टेकत वस्तीत आली. ती वस्तीत पाय ठेवत होती हे पहिल्यांदाच, आणि पोरंसोरं मागे गोळा झाली. दादा ओट्यावर सायकलचं चाक खोलून बसले होते. वाट बदलायला त्यांना जागाच राहिली नाही. ते उठून उभे राहिले, हातात पाना तसाच.

आत्या माझ्याकडे बघून म्हणाली, "भोंगा का गं गप झाला?"

मी काहीतरी अभ्यासाचं पुटपुटले.

"खोटं बोलू नगं. पारावर कोन काय बोललं ते आलं माझ्या कानावर." ती ओट्याच्या कडेला बसली. दम लागला होता. मग दादांकडे न बघता, पण दादांनाच ऐकू जाईल अशा बेताने बोलायला लागली.

"चार भाऊ हुते मला. दारात दोन बैलगाड्या आन एक सायकल. नदीला गुडघाभर पानी. चौघातल्या एकाचाबी पाय मोडला नव्हता. दिसभर आईला अंगनात ठिवून बसलं, पर उठून कोनी आलं न्हाई. का? तर सांगावा न्यायचं काम आपलं न्हाई." तिने काठी ओट्याला टेकवली. "मी हे भावांना त्यांच्या तोंडावर सांगितलंय. एकदा न्हाई, धा डाव. त्यांनी ते पारावर सांगितलं नसंल."

दादांच्या हातातला पाना खाली पडला. कुणी उचलला नाही.

"आजून एक," आत्या म्हणाली. "चौथ्या का पाचव्या दिवशी मी सासरी परत गेल्ते. तवा तुमचा बा आला हुता माझ्या दारात. हातात येसकराची काठी न्हाई, खांद्यावर घोंगडं न्हाई. पाच कोस चालत. म्हनला, 'बाय, सांगावा घिऊन आलो न्हाई, ते काम मी सोडलं. पर तुझी आय गेली, म्हनून भेटाया आलो.' भाऊ आलं नव्हतं तसं भेटाया. त्यो आला."

दादा हळूच ओट्यावर बसले. त्यांच्या वडिलांनी हे घरात कुणालाही सांगितलं नव्हतं. चाळीस वर्षं दादा एका रडण्याचा आवाज कानात घेऊन फिरत होते, आणि त्याच्या पलीकडची ही गोष्ट पाच कोसांवर पडून होती.

"पर मी काय केलं?" आत्याचा आवाज पहिल्यांदा हलला. "त्यो तान्हेला हुता. मी त्याला वरून पानी वतलं. वंजळीत. तांब्या दिला न्हाई. आईसाठी रडत हुते आन तरीबी मला तेवडं सुदीक चुकलं न्हाई. ते मला अजून खातंय."

मग तिने पाणी मागितलं. आईने आमचा रोजचा तांब्या भरून दिला. आत्याने तो तोंडाला लावला आणि पुरता रिकामा केला. मला तेव्हा रडू आलं, आणि रागही आला. दोन्ही एकाच वेळी आले आणि कुणाचा राग ते नीट कळलं नाही. इतक्या साध्या गोष्टीला इतकी वर्षं का लागावीत?

जाताना ती म्हणाली, "भोंगा चालू कर. मला मळ्यात ऐकू येतो. तेवडीच सोबत."

मी पुन्हा बोलायला लागले. दरडीवरून आवाज परत यायचाच. आता मी वाक्य संपवून त्याला पुरेसा वेळ द्यायचे.

पुढच्या हिवाळ्यात आत्या गेली. सकाळी सहाच्या सुमाराला तिचा थोरला भाचा आमच्या दारात आला आणि म्हणाला, "भोंग्यावर सांगायचं हाय. आत्या गेली. माती धाला." मी शाल गुंडाळून निघाले. दादा सुट्टीवर होते. ते उठून बसले, आणि मी उंबरा ओलांडताना मागून म्हणाले, "लेकीला कळवाया कोन गेलंय, ते इचार."

आत्याला एकच लेक, दिलेली घोडेगावकडे. इथून मोटारसायकलने अडीच-तीन तासांची वाट.

पंचायतीत पोचले, यंत्र लावलं. तांबडा दिवा लागला आणि कर्ण्यांतून ती घुर्र सुरू झाली, जी आता गावाच्या ओळखीची झाली होती. आत्याचे दोन्ही भाचे आणि आणखी चार-पाच जण दाराशी उभे होते. मी माइकवर हात ठेवून विचारलं, "तिच्या लेकीकडं कोण गेलंय?"

"फोन केला," थोरला म्हणाला. "तिकडची लाइन बंद हाय. आट वाजताच्या एस.टी.च्या कंडक्टरला चिठ्ठी देऊ."

"मग ती दहाला पोचेल कशी?"

"आगं, तू भोंग्यावर सांग तर खरं. भोंग्यावर सांगितलं म्हंजी समद्यांना कळतंय."

मला हसू यायला हवं होतं. भोंगा फार तर पलीकडच्या दरडीपर्यंत जायचा. पण तो अगदी मनापासून बोलत होता. सांगायला कुणीतरी नेमलेलं असलं की सांगणं झालं, एवढीच त्याची समजूत होती. पूर्वी आजोबा होते, आता यंत्र होतं. बाहेर त्याची नवी मोटारसायकल उभी होती, हँडलला दसऱ्याचा झेंडूचा हार वाळलेला.

मी माइकवरचा हात काढला. मुद्दाम काढला, हे आज कबूल करते. आणि माइकमध्येच विचारलं, "आत्याच्या लेकीला कळवाया कोन चाललंय?"

सगळ्या गावाने ते ऐकलं. थोरला भाचा पुढे सरकला. माइक चालू आहे याचं भान त्याला रागात राहिलं नाही. "आमाला इचारनारी तू कोन? एवडं आसंल तर तुझ्या आज्याला पाठीव!"

दोन्ही कर्ण्यांतून ते गेलं. गावावरून गेलं, नदीवरून गेलं. आणि मग पलीकडून, जाड होऊन, बसक्या गळ्याने परत आलं: "आज्याला पाठीव."

कुणी हललं नाही. भाच्याचा चेहरा पांढराफटक पडला. मी यंत्र बंद केलं नाही आणि एक शब्दही बोलले नाही. फक्त घुर्र चालू होती, गावातल्या प्रत्येक घरात, मळ्यात, आणि आत्या जिथे निजवलेली होती त्या अंगणातही. मला भीती वाटत होती. पण मी ठरवलं होतं की कुणीतरी उठेपर्यंत मयत सांगायची नाही. चाळीस वर्षांपूर्वी आजोबा दारात कसे बसले असतील, ते मला तेव्हा अंगात कळलं.

किती वेळ गेला सांगता येत नाही. मग बाहेरून किक मारल्याचा आवाज आला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा गाडी सुरू झाली. धाकटा भाचा होता. तो आवाज माइकमधूनही ऐकू आला. गाडी पारावरून वळली, रस्त्याला लागली आणि आवाज लांब लांब जात संपला.

मी मान वळवली तर पंचायतीच्या पायरीवर दादा उभे होते. ज्या इमारतीत त्यांनी कधी पाय ठेवला नव्हता, तिच्या पायरीवर, अनवाणी, अंगात नुसता बनियन.

"आता सांग," ते म्हणाले.

मी सांगितलं. नाव, घर, आणि माती लेक आल्यावर, हेही सांगितलं. शेवटी आपोआप ते वाक्य आलं, "जवळच्यांनी जवळ यावं." मग मी नेहमीसारखी थांबले. पलीकडून आवाज आला तेव्हा दादांनी डोळे मिटून घेतले होते. चाळीस वर्षांनी ते आपल्या बापाची हाळी ऐकत होते.

लेक दुपारी दोनच्या पुढे पोचली. तोवर आत्याला कुणी उचललं नाही. आम्ही बापलेक अंगणाच्या कडेला उभे होतो. लेकीने आईच्या तोंडावरून हात फिरवला आणि मोठ्याने रडली. दादांनी ते रडणं शेवटपर्यंत ऐकलं.